लाभ, दोन, तीन

‘कुठून केलंत तुम्ही?’ एवढंच सुधीर सरांच्या ऑफिसात त्या पुण्याहून आलेल्या माणसाने विचारलं होतं, आणि संजीवनीने चटकन सांगून टाकलं होतं, ‘मोबाइलवरून.’ आता यात खोटं काय होतं? टँकरच्या नंबरांचा तो सगळा प्रोग्रॅम तिने खरोखरच मोबाइलवर लिहिला होता, बिरवाडीच्या खोलीत, पाठीला उशी लावून, अंगठे दुखेपर्यंत. पण त्या माणसाला कॉलेजचं नाव हवं होतं. ‘कुठून केलं’ म्हणजे कुठल्या कॉलेजातून इंजिनियरिंग केलं, हे साऱ्या जगाला कळणारं मराठी नेमकं तिला कळलं नव्हतं. तो आधी गोंधळला, मग हसला. सुधीर सरही हसले. वाईट मनाने कुणीच हसलं नाही, हे तिनेही पाहिलं. तीही हसली, उलट जरा जास्तच हसली. चहा आला, तो तिने घेतला, बोलणं संपलं, आणि ऑफिसचा अरुंद जिना उतरून महाडच्या एसटी स्टँडसमोर येईपर्यंत तिचे कान लालबुंद झाले होते.

बिरवाडीकडे जाणाऱ्या रिक्षात ती कोपऱ्यात अंग चोरून बसली. शेजारच्या बाईच्या पिशवीतून सुक्या बोंबलांचा वास येत होता आणि पुढे एमआयडीसीच्या बाजूने तो दुसरा वास, सडक्या फळासारखा गोडसर, जो आता तिच्या ओढणीतही कायमचा मुरला होता. मोबाइलवरून. मोबाइलवरून म्हणे. ती स्वतःलाच वेडावत राहिली. माणसाला लाज वाटते तेव्हा ती त्याच जागी वाटून संपत नाही. मागच्या सगळ्या लाजांना हाका मारत सुटते. सत्तावीस वर्षांची बाई, महाडला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला, खोलीचं भाडं स्वतः भरणारी, आणि क्षणात पोलादपूरच्या वसतिगृहातली, तेल चोपडून दोन वेण्या घातलेली, धनगरवाडीवरून खाली आणून सोडलेली पोर होऊन बसली.

त्या शाळेतल्या बाई चांगल्या होत्या, ही त्यातली गंमत. नवीन आलेल्या मुलीची भीड चेपावी म्हणून त्यांनी तिच्यापुढे चिंचोके ओतले आणि म्हणाल्या, मोज बघू. संजीवनीला मोजणं येत होतं. वाडीवर नाचणी मापताना आबांच्या शेजारी बसून ती शिकली होती. तिने मोठ्या उत्साहाने पहिला चिंचोका बाजूला सारला आणि म्हणाली, ‘लाभ.’ मग दुसरा, ‘दोन.’ मग तीन. धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. एक म्हटलं की रास एकाशीच अडते, लाभ म्हटलं की वाढते. हे तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं, जसं पाण्याला पाणी का म्हणतात हे सांगितलं नव्हतं. अख्खा वर्ग खो खो हसला. बाईंनी वर्गाला दटावलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मायेने म्हणाल्या, ‘लाभ नाही गं बाळा, एक.’ पुढे कित्येक वर्षं मुली तिला लाभी म्हणत. हसण्यापेक्षा तो मायेचा हातच तिला जास्त लागला होता. तेव्हापासून तिने एक म्हणायचं कधी चुकवलं नाही. बस चढताना, गोळ्या मोजताना, मनातल्या मनातसुद्धा एक.

खोलीवर अंकिता भात लावून बसली होती. अंकिता वरंधकडची, बी.एस्सी. झालेली, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यापासून सुरुवात करून आता नमुने तपासते. सगळं ऐकून घेऊन ती हसली नाही. कुकरची शिट्टी होऊ दिली आणि म्हणाली, ‘हे बघ, तुला काय येतंय ते बघायला माणसाला तासभर बसावं लागतं. कागद दाखवला की बघतच नाहीत. म्हणून घ्यायचा कागद.’ कागद तर दारात येऊन उभा होता. कुठल्याशा विद्यापीठाची ऑनलाइन डिग्री, फास्ट ट्रॅक. भराभर परीक्षा देत गेलं की तीन वर्षांचं दीड वर्षात आटपतं. त्यांच्याकडची एक मुलगी रोज फोन करायची. इतकी गोड बोलायची, इतक्या वेळा ‘मॅम’ म्हणायची, की संजीवनीला भीतीच वाटायची. सोमवारपर्यंत हो म्हणा मॅम, मग पुढची बॅच थेट जूनमध्ये, मॅम.

आणि त्याच सोमवारी सुधीर सरांना उत्तर द्यायचं होतं. सुधीर सरांचं ऑफिस म्हणजे स्टँडसमोरच्या माडीवर चार टेबलं आणि एक कुरकुरणारा पंखा. कारखान्यांना, डेअऱ्यांना लागणारी सॉफ्टवेअरं ते बनवत. टँकरचे ड्रायव्हर मोबाइलवर आपला नंबर बघून निवांत जेवायला जातात, कारखान्याच्या गेटवर आरडाओरडा होत नाही, हे कुणीतरी त्यांना सांगितलं आणि त्यांनी तिला कामाला या म्हणून बोलावून घेतलं. माणूस सरळ. म्हणाले, ‘डिग्री मला नको. पण इथे आलात तर पहिलं वर्ष फार शिकावं लागेल, घरी गेल्यावरही. दोन्ही जमेल असं मी खोटं सांगणार नाही. आणि उद्या मोठ्या कंपनीत जायचं मनात असेल तर कागदच घ्या, मला राग नाही.’ इतकं सरळ बोलणारा माणूसही अडचणच असतो. त्याने थोडी थाप मारली असती, तर तिला ठरवायला सोपं गेलं असतं.

डिग्रीवाल्यांनी आठवडाभर फुकट बघायला दिलं होतं, ते तिने बघितलं होतं. व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवायचे. शिकवणारा माणूस चिमणीसारखा चिवचिवत ज्ञान देतो. मग प्रश्न, चारांतलं एक उत्तर. पर्यावरणावरचा एक अख्खा विषय तिने जेवताना संपवला, डाव्या हाताने, आणि पास झाली. स्क्रीनवर रंगीत कागदाचे कपटे उडाले, अभिनंदन आलं. दुसऱ्या दिवशी अंकिताने विचारलं काय वाचलंस, तर हिला आठवेना. पण त्याचं तिला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं, हे खरं सांगायला हवं. उलट एक थंड, सुखाची झुळूक अंगावरून गेली होती. इतकं सोपं असतं का हे? हे लोक सगळे असेच पार झालेत का? मग मी का नाही?

आणि त्याच्या उलट ती नाथू मामांची गोष्ट. प्रोग्रॅम सुरू केला त्याच्या पहिल्याच सकाळी सगळे टँकर यादीत आले, फक्त नाथू मामांचा आला नाही. नाथू मामा म्हणजे सगळ्यांत जुने ड्रायव्हर, पहाटेपासून गेटवर पहिला नंबर धरून बसलेले. यादी सरकत राहिली, मागचे आत जाऊन रिकामे होऊन बाहेर पडले, आणि हे आपले फोनकडे बघत बसलेले. दुपारी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसच्या खिडकीशी आले. रागावले नाहीत. म्हणाले, ‘बाय, माझी गाडी पयली व्हती. पयली व्हती म्हनून धरली नाय काय?’ दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाची पहिली गाडी गळाली, तिसऱ्या दिवशी तिसऱ्याची. कित्येक दिवस संजीवनीला चूक सापडेना. हिंदीतून शिकवणाऱ्या त्या व्हिडिओतल्या पोराने तर पहिल्याच धड्यात सांगितलं होतं, की कॉम्प्युटर मोजायला शून्यापासून सुरुवात करतो, पहिल्याला एक म्हणत नाही. ते तिने ऐकलं होतं, पाठ केलं होतं. पण लिहिताना बोटांनी ‘एक’च लिहिला होता. एकापासून मोज म्हटल्यावर मशीनने इमानदारीत एकापासून मोजलं होतं, आणि त्याच्या आधी, शून्यावर, उभा असलेला माणूस उन्हात राहिला होता. शेवटी ती चूक सापडली तेव्हा ती खुर्चीत तशीच बसून राहिली. पहिल्याला एक न म्हणणारं हे यंत्र तिच्या वाडीवरचं निघालं होतं. आणि तिच्या बोटांना मात्र पोलादपूरच्या बाईंनी फार चांगलं शिकवलं होतं. ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नाही. सांगायची कशी? लाभी म्हणून हाक मारतील पुन्हा.

शनिवारी ती वाडीवर निघाली. नाचणी झोडून झाली होती, मापायची होती, आणि आबांचा खांदा धरला होता. पोलादपूरला एसटीतून उतरून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागणारी जीप धरायची, मधल्याच एका वळणावर उतरायचं आणि मग पायवाट. पाठीवर लॅपटॉपची बॅग होती. सुधीर सरांनी जुना लॅपटॉप बघायला म्हणून दिला होता, तो खोलीवर ठेवायला जीव होईना. चढावर कारवीच्या काठ्या दोन्ही बाजूंनी बॅगेला घासत होत्या. वर सड्याच्या सपाटीवर आलं की मोबाइलला एका कातळाजवळ रेंज येते. तिथे उभं राहिल्याबरोबर फोन वाजलाच. ‘मॅम, मग काय ठरलं?’ तिने सांगितलं, उद्या सांगते. समोर दरीपलीकडे प्रतापगडाच्या अंगाचे डोंगर निळे झाले होते, खाली कुणाच्या तरी म्हशी ओरडत होत्या, आणि ती गोड मुलगी सांगत होती की डिग्रीच्या कार्यक्रमाला काळा गाऊन आणि टोपी घालून फोटोही काढतात, मॅम, फॅमिलीला बोलवता येतं.

तो फोटो तिच्याआधी घरी पोचला होता. म्हणजे असं, की खालच्या वाडीतली राजश्री मागच्या वर्षी पदवीधर झाली. तिचा काळ्या गाऊनमधला फोटो तिच्या बापाने हार घालून दारासमोर लावला, आणि आबा एकदा दूध घालून येताना त्या फोटोपुढे उभे राहिले ते राहिलेच. हे आयेने फोनवर सांगितलं होतं. डिग्रीचं कानावर आल्यापासून त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली होती, आमची बाय ग्रॅज्वेट व्हनार. तिचा बाप महिपत ढेबे हा माणूस तसा कमी बोलणारा. म्हशींशी जेवढं बोलेल तेवढं माणसांशी नाही. त्याने एवढं बोलावं म्हणजे पोटात किती साठलं असेल. आणि आज उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताच तिला दिसलं, देवाच्या तसबिरीच्या शेजारी, सिमेंटच्या भिंतीत एक नवा, जाडजूड, चकचकीत खिळा. त्यावर काहीच नव्हतं. तिने तिकडे बघितलं हे आबांनी बघितलं, आणि ते उगाचच गोठ्याकडे वळले.

तिला रडू आलं. खरं म्हणजे रागही आला, त्या खिळ्याचा. पण मुख्य म्हणजे इतकं बरं वाटलं की सगळा प्रश्नच सुटला. घ्यायची डिग्री. दीड वर्षाचं तर काम, डाव्या हाताने. आबांचा फोटो होईल, पुण्याच्या माणसाला सांगायला नाव होईल, आणि सुधीर सर काय, त्यांना दुसरं कुणी मिळेल. आयेने चहा ठेवताना विचारलं, ‘लवकर व्हतंय म्हनं?’ ती म्हणाली, व्हय. आये म्हणाली, ‘मंग बरंच हाय की गो.’ बरंच होतं. पण चहा पिताना तिच्या डोळ्यांपुढे सारखी सुधीर सरांच्या ऑफिसातली ती कोपऱ्यातली खुर्ची येत होती, जिच्यावर परवा तासभर बसल्यावर तिला उठावंसं वाटलं नव्हतं.

नाचणीची रास अंगणात सारवलेल्या जागेवर पडली होती, लालसर, बारीक. रासेला हळदकुंकू वाहून झालं. आबांनी पायली उचलली, खांदा दुखला, तोंड वाकडं झालं, आणि त्यांनी पायली तिच्यापुढे धरली. ती उकिडवी बसली, पायली भरून हाताने सारखी केली, आयेने धरलेल्या पोत्याच्या तोंडाशी नेली आणि ओतता ओतता म्हणाली, ‘एक.’

आये थांबली. पुढे वाकून, दुखऱ्या खांद्यानेच, आबांनी पोतं आयेच्या हातून घेतलं, उलटं केलं आणि आत पडलेली पायलीभर नाचणी पुन्हा रासेवर सांडली. शिल्लक राहिलेले दाणे झटकले. ‘फिरून घे,’ ते म्हणाले. दटावलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. चुकलं म्हणजे फिरून घ्यायचं, एवढंच.

संजीवनीने पायली भरली. तोंडाशी शब्द आला. वीस वर्षांत तो तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता, तिनेसुद्धा. मग तो निघाला, जरा घोगरा. ‘लाभ.’ मापणारा पुढची पायली भरेपर्यंत तोच आकडा घोकत राहतो, विसरू नये म्हणून. तीही घोकू लागली, लाभ, लाभ, लाभ, मग दोन, दोन, दोन. नाचणीची धूळ नाकात गेली, हात लयीला लागले, आणि त्या लयीत तिला हळूहळू स्वतःचंच स्वच्छ दिसायला लागलं. डिग्री तिला शिकायला नकोच होती. शिकायचं ते तर मिळत होतं, फुकट, अंगठे दुखवून, नाथू मामांना उन्हात बसवून. डिग्री तिला हवी होती ती कुणीतरी पुन्हा एकदा मायेने सांगावं म्हणून, की बाळा, असं नाही, असं म्हण. आणि तिने म्हणावं, आणि वर्ग हसायचा थांबावा. त्यासाठी दीड वर्ष. त्यासाठी ती कोपऱ्यातली खुर्ची सोडायची. आणि शिकायला हवी असती, हळू, समजून, तर गोष्ट निराळी होती; तशी पुढे कधी घेईलही. पण ही अशी नाही. भीती गेली नव्हती. सुधीर सरांची ती माडी उद्या बंद पडली तर हातात काय, हे होतंच. ते तसंच राहिलं, आणि तरीही तिचं ठरलं.

नाचणी संपली. वरीची रास बाकी होती, लहानशी, ती आबांनीच घ्यायची म्हणून हट्टाने घेतली. मापणाऱ्याशी मध्ये बोलायचं नसतं, हे वाडीतल्या रांगत्या पोरालाही कळतं. पण आत्ता नाही बोललं तर खिळ्याकडे बघून पुन्हा बोलणं होणार नाही, हे तिला ठाऊक होतं. आबा नवव्या मापावर होते.

‘आबा, मी ती डिग्री नाय घेत. सुधीर सरांकडं कामाला जातेय. तिथंच शिकेन.’

‘नव,’ आबा म्हणाले. त्यांचा हात पायलीवर होता. ‘नव, नव.’ त्यांनी ऐकलं होतं. मानेची शीर ताठ झालेली तिला दिसली. पण आकडा सोडता येत नव्हता, आणि ते तो घोकत राहिले, नेहमीपेक्षा सावकाश, जणू त्या आकड्याच्या आडच बसले होते. ‘नव, नव.’ मग पायली भरली. ‘धा.’ आये तिच्याकडे बघेना, पोत्याच्या तोंडाकडे बघत राहिली. संजीवनीला वाटलं, रास संपूच नये. पण लहानशीच होती. शेवटची पायली अर्धीच भरली, ती त्यांनी ओतली, हात झटकले, टोपी काढून तोंड पुसलं.

‘मंग फोटू नाय,’ ते म्हणाले.

‘नाय, आबा.’

त्यांनी मान हलवली. बराच वेळ ते सांडलेले दाणे बोटाने टिपत राहिले. मग तिने त्यांना पुण्याच्या माणसाची गोष्ट सांगितली, मोबाइलवरूनची, सगळे कसे हसले ते. का सांगितली तिलाही कळलं नाही. आबांनी ती गंभीरपणे ऐकली. त्यांना हसण्यासारखं त्यात काही सापडलं नाही. म्हणाले, ‘आनि त्यानं परत इचारलं तर? कुठनं केलंस म्हनून?’

‘तेच सांगेन. मोबाइलवरून.’

‘व्हय, मंग,’ आबा म्हणाले. ‘केलंस तिथनंच सांगनार.’ आणि उठून, गुडघ्यावर हात देऊन, घरात गेले.

रविवारी दुपारी ती निघाली. कातळापाशी थांबून त्या गोड मुलीला नाही म्हणायचं होतं, आणि उतरायला अंधार नको होता. आयेने नाचणीच्या भाकऱ्या बांधून दिल्या. बॅग कुठे दिसेना. अंथरुणाशी ठेवली होती, तिथे नव्हती. तिने फळीखाली बघितलं, कणगीच्या मागे बघितलं. बाहेर आबा म्हशीला दावं बांधत होते, तिथूनच, तिच्याकडे न बघता म्हणाले, ‘करडू चावत व्हतं तिचा पट्टा. वर ठिवली.’

ती वळली. देवाच्या शेजारी, त्या नव्या खिळ्यावर, तिची बॅग टांगलेली होती. पट्टा नीट मध्यावर घेऊन, तसबिरीच्या रेषेत सरळ. खाली, जमिनीवर, राजश्रीच्या फोटोच्या हारातल्यासारखी झेंडूची दोन फुलं पडली होती. हार ओवता ओवता तुटली असावीत, किंवा बॅगेला हार घालावा की नाही हे न कळून कुणीतरी तशीच ठेवून दिली असावीत.